पहिल्या ठोक्याला डावा पाय

परवा जेवताना माझ्या मुलीनं, मुक्तानं, मला सांगितलं की पोलंडमधल्या कुणा गृहस्थाला मी फार धाडसी कलावंत वाटतो. मी तेव्हा ताटातली कारल्याची भाजी भाकरीखाली दडवत होतो. बायकोनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पोलंडबद्दलचं तिचं मत मनातच ठेवलं. झालं होतं असं, की तरुणपणी आम्ही तिघांनी सांगलीत एक कॅसेट काढली होती. तिचं भूत मुक्तानं माळ्यावरून खाली उतरवलं, कॉम्प्युटरात भरलं आणि इंटरनेटवर सोडून दिलं. आता रोज कुणीतरी कुठूनतरी त्याखाली आपलं मत लिहितं. पुण्याच्या एकानं लिहिलंय, ‘काळाच्या पुढचं काम.’ म्हणजे त्या काळात कुणी ऐकलं नाही, हे सभ्यपणे सांगायची ही पुण्याची पद्धत आहे. पोलंडवाल्यानं मात्र लांबलचक लिहिलंय आणि त्याचा सगळा जीव शेवटच्या चार मिनिटांवर जडलाय. तिथं म्हणे आम्ही संगीत थांबवून सत्तेला थेट जाब विचारतो. तो जाब कसा विचारला गेला ते मला पक्कं ठाऊक आहे. आता साठीला टेकल्यावर खोटं बोलून काही मिळायचं नाही, म्हणून सांगूनच टाकतो.

सांगलीत विश्रामबागला शिरीषच्या घराच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली होती, ते आमचं ठिकाण. शिरीष प्राध्यापकांचा मुलगा. त्याचा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता आणि येताना बंदरोबंदरीच्या कॅसेटी आणायचा. त्यांत आम्हाला प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं प्रकरण गावलं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मधेच ताल बदलायचा, मधेच सगळं थांबायचं, शब्द आले तर आले नाहीतर नाही. आम्हाला काहीच कळलं नाही, त्यामुळं ते फार थोर आहे याबद्दल आमच्यात लगेच एकमत झालं. शिरीषकडं जपानी कीबोर्ड होता. माझ्याकडं मिरजेहून आणलेली गिटार होती, जिची एक तार कायम रजेवर असायची. तिसरा विजय. तो कवठे महांकाळच्या बाजूचा, धनगराच्या घरातला, मेंढरांमागं आणि ढोलामागं वाढलेला. लहानपणापासून गजाच्या खेळात, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या नाचात, आजोबांशेजारी उभं राहून ढोल वाजवलेला. आमच्या तिघांत खरोखर वाजवता येणारा तो एकटाच होता, आणि म्हणून त्याचं मत आम्ही कधी विचारत नव्हतो.

शिरीषच्या आईला आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी आम्हाला जेवढं थालीपीठ घातलं तेवढं संगीत आमच्या हातून झालं असतं तर आज हे प्रकरण वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असतं. आमच्या रचनेची सुरुवात कीबोर्डच्या एका लांब घुमणाऱ्या सुरानं व्हायची. सहा मिनिटं तो सूर, दुसरं काही नाही. त्यात म्हणे तहानलेल्या जमिनीचा श्वास होता. पहिल्यांदा तो सूर सलग सहा मिनिटं लागला तेव्हा खालून काकू धावत आल्या, बोरिंगची मोटर चालू राहिलीय, टाकी वाहत असेल म्हणून. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. अंधारलेल्या कीबोर्डकडं बघत शिरीष मला म्हणाला की सामान्य माणसाला इथवर यायला वेळ लागेल. सामान्य माणूस म्हणजे त्याची आई.

अल्बमचं नाव ‘कोरडा ओढा’. एक ओढा आपलं पाणी शोधत निघतो अशी ती कथा. भाग पहिला ‘ओढा’, भाग दुसरा ‘पुन्हा ओढा’, तो थेट ढोलावरच सुरू व्हायचा. सगळं मिळून छप्पन्न मिनिटं आणि त्यात शब्द एकंदर अकरा. बरंचसं सात मात्रांत, चार आणि तीन, चार आणि तीन, कारण सरळ चारात वाजवणं आम्हाला कमीपणाचं वाटायचं. आज ऐकताना मला त्या पोरांची लाज वाटते आणि हेवाही वाटतो, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं कुठलं जास्त हे ठरवायला मी जात नाही.

आता आबांचं सांगायला पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, लोणंदहून मोटारसायकलवर तासाभराचं, कॅनॉलच्या पाण्यावर थोडा ऊस असलेलं. गावातल्या निम्म्या घरांसारखे आबाही फौजेत होते, पण बंदूक घेऊन नव्हे. ते पलटणीच्या बँडात होते. बावीस वर्षं मोठा ढोल. पोटावर तो अजस्र ढोल घेऊन मागची सगळी पलटण एका पावलावर चालवायची, हे त्यांचं काम. सुभेदार होऊन घरी आले आणि मग घरच चालवायला लागले. आई भाकरी थापायची ती त्यांच्या म्हणण्यानुसार दोनाच्या तालात पाहिजे. धार काढायचे तर चरवीत दुधाच्या धारा डावी-उजवी, डावी-उजवी अशा पडायच्या की शेजारी झोपेत पाय हलवायचे. असल्या माणसाचा मी मुलगा, आणि मी सात मात्रांत ओढा काढत होतो.

पदवी हातात येऊन वर्ष झालं होतं आणि मी अजून सांगलीतच होतो. एका रविवारी घरी गेलो तेव्हा आबांनी मला गोठ्यात बोलावलं. महत्त्वाचं बोलायचं तर ते गोठ्यातच, कारण घरात बायका असतात आणि बायकांसमोर बापलेकांनी बोलायचं नसतं अशी आमच्याकडची रीत. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “कॅसेट निघू दे. पुरी ऐकतो. बरी वाटली तर ऱ्हा सांगलीला, अजून दोन वरसं मी पोसतो. न्हाई वाटली तर मामानं लोणंदच्या कंपनीत शब्द टाकलाय, स्टोअरला. तितं जायाचं.” मी मान हलवली. त्या दिवसापासून जगात एकाच माणसाच्या अभिप्रायाला किंमत उरली, आणि त्या माणसाला ढोल सोडून एकही वाद्य आवडत नव्हतं.

कॅसेट ध्वनिमुद्रित केली सांगलीत, पोपटरावांकडं. पोपटराव सत्यनारायणाच्या आरत्या, शाळांची स्वागतगीतं आणि निवडणुकीची जाहीर आवाहनं एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली भरायचे. पंखा बंद केला की त्यांना घाम यायचा, म्हणून आमच्या अल्बमभर तो पंखा आहे. आमचं सगळं मुद्रण त्यांनी शेंगा खात ऐकलं आणि शेवटी विचारलं की गाणं कधी घ्यायचं. मी म्हटलं, झालं की. ते म्हणाले, बरं. त्यानंतर त्यांनी आमच्या दोनशे प्रती काढल्या, आणि इथं तो पोलंडचा मुद्दा येतो. एका साखर कारखान्याची निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि हरलेल्या पॅनेलनं प्रचाराच्या कॅसेटींचं खोकंच्या खोकं पोपटरावांकडं परत आणून टाकलं होतं. कॅसेट म्हणजे कॅसेट, त्यात नवी-जुनी काय, असा पोपटरावांचा सरळ विचार. त्यांनी आमचा ओढा त्या प्रचारावरूनच वाहू दिला. बाजू तीस मिनिटांची, आमचा पहिला भाग बरोबर तेवढा आणि दुसरा सव्वीस मिनिटांचा. त्यामुळं ओढ्याला शेवटी पाणी भेटतं, सगळं हळूहळू शांत होतं, आणि त्या शांततेतून एक खणखणीत आवाज विचारतो की गेल्या पाच वर्षांत तुमच्या उसाला भाव कुणी दिला नाही, तुमच्या वजनात कुणी मारलं, आणि मग कपबशी या चिन्हासमोरच्या चौकोनात शिक्का मारायला सांगतो. चार मिनिटं. मुक्तानं खाली दिलेला इंग्रजी अर्थ वाचून पोलंडच्या गृहस्थांनी कपबशी या प्रतीकावर दोन परिच्छेद लिहिले आहेत.

आम्ही संतापून पोपटरावांकडं गेलो. ते म्हणाले की रिकामी फीत ऐकण्यापेक्षा बरं की, माणसाला निदान काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. आणि पुढं जे झालं त्यात त्यांचंच खरं ठरलं, हे मी अजूनही त्यांना माफ केलेलं नाही.

शिरीषच्या वडिलांनी सुचवलं की अभिप्राय वही ठेवा. आमच्याकडं कापडाच्या दुकानाचं उद्घाटन असो की शाळेतलं रांगोळी प्रदर्शन, दाराशी जाड वही आणि सुतळीनं बांधलेलं पेन असतंच, आणि माणूस काही न बघता आधी तिकडं वळतो. आम्ही दोनशे पानी लाँगबुक आणलं, पहिल्या पानावर हळदीकुंकू लावलं आणि कॅसेट, टेपरेकॉर्डर, वही आणि भडंगाची पिशवी घेऊन घरोघर हिंडायला लागलो. भडंग माझी कल्पना. माणूस हातातलं भडंग संपेपर्यंत जागचा उठत नाही, हे मी सांगलीत पाच वर्षं काढून शिकलो होतो. फक्त आमची सुरुवात सहा मिनिटांची होती आणि चांगल्या घरातला माणूससुद्धा वाटीभर भडंग चार मिनिटांत संपवतो, हे हिशेबात धरलं नव्हतं.

ती वही अजून माझ्याकडं आहे. तिच्यात शिरीषच्या वडिलांनी पहिलाच अभिप्राय दिलाय, ‘प्रयत्न स्तुत्य. आवाज स्वच्छ.’ ते उत्तरपत्रिका तपासत होते आणि चुकून आम्हालाही तपासून मोकळे झाले. विश्रामबागच्या कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्यानं लिहिलंय की गिऱ्हाईक खुर्चीत बसून उठलं, तरी गाणं सुरू झालं नव्हतं. कॅसेटच्या दुकानदारानं लिहिलं नाही, तोंडानं सांगितलं की यावर नाच होत नाही, जेवण होत नाही, रडणं होत नाही, मग माणसानं हे लावून करायचं काय. आमच्या जुन्या वर्गातल्या दोघी मुलींनी मिळून ‘छान!’ असं लिहिलं, आणि त्या एका शब्दावर आम्ही तिघं आठवडाभर जगलो. वही भरत गेली तसं एक मात्र दिसायला लागलं. ज्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली, त्यांतल्या जवळपास सगळ्यांना शेवटच आवडला होता. ‘शेवटचा भाग अतिशय परिणामकारक.’ ‘शेवटी विषय नीट समजतो.’ ‘शेवटी जे बोलले आहेत त्यांचा आवाज भारदस्त आहे, त्यांनाच पूर्ण गाऊ द्यावे.’ त्या हरलेल्या उमेदवाराला कारखान्यात जेवढी मतं पडली नसतील तेवढी आमच्या वहीत पडली.

विजयच्या गावी मात्र भडंग न्यावं लागलं नाही. कवठे महांकाळहून पुढं माळरानावर त्याच्या घराचा वाडगा होता. मेंढरं आत घातलेली, बाजेवर त्याचे आजोबा. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं त्यांना. त्यांनी काही न विचारता कॅसेट लावायला सांगितली आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत हललेसुद्धा नाहीत. आम्ही तिघं समोर मातीत बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. संपल्यावर त्यांनी तंबाखू मळली आणि विचारलं, “ह्यात कुणाचीतरी मेंढरं हरवल्याती. शेवटाला गावली का?” मी सांगायला गेलो की आजोबा, तो ओढा आहे, तो आपलं पाणी शोधतोय. ते म्हणाले तेच की रं. आणि शेवटी त्या माणसाचा गलका काय होता म्हणून विचारलं, तर विजय म्हणाला की ती चूक आहे. ते म्हणाले, “मग पुसून टाक. हुडकणाऱ्याला मधी कुणी हाका मारू न्हाईत.” पस्तीस वर्षांत ‘कोरडा ओढा’वर इतकं शहाणपणाचं कुणी बोललेलं नाही, पोलंड धरून. पण मला तेव्हा वाटलं की म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही, आणि मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मग मी कॅसेट घेऊन घरी आलो. आबा कारखान्यावर गेले होते, म्हणून आईनं सकाळी धारेच्या वेळी गोठ्यात टेप लावायला सांगितला, कान मोकळे असतात म्हणाली. आमची चंद्री म्हैस गरीब होती. पण तो सहा मिनिटांचा सूर लागला आणि तिनं कान टवकारले, मान वळवून टेपकडं बघितलं आणि पान्हा चोरला तो चोरलाच. आईनं आंबोण दाखवलं, पाठ थोपटली, रेडकू सोडलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी टेप बंद केल्यावर पाच मिनिटांनी दूध उतरलं. आईनं मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की आदल्या दिवशीचा चारा ओला होता. मी ते वहीत लिहिलं नाही, पण गावभर झालं होतं. वरच्या आळीचे रामूआण्णा भजनात पखवाज धरायचे, ते मुद्दाम ऐकायला आले आणि दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून म्हणाले की सात मात्रा हायत हे खरं, पण सम कुठं ठेवलीया ती सापडली की निरोप धाडा.

आबांनी ऐकायचा दिवस ठरवला तो पुढचा रविवार. मला वाटलं होतं गोठ्यात ऐकतील, दोघंच. पण त्यांनी अंगणात सतरंजी घातली. मामा बोलावले, त्यांच्याच पलटणीतले दोन निवृत्त शेजारी बोलावले, रामूआण्णा न बोलावता आले. आईनं मटणाची तयारी केली होती, तिच्या मसाल्याचा खाट दारापर्यंत येत होता आणि सगळ्यांचं निम्मं लक्ष तिकडं होतं. आबा लोखंडी खुर्चीत ताठ बसले, हात मांड्यांवर. टेप स्टुलावर. मी स्टुलाशेजारी उभा, परीक्षेला बसल्यासारखा. सांगली राहणार की जाणार ते त्या खुर्चीत ठरणार होतं.

सहा मिनिटांच्या सुरात मामांना डुलकी लागली. आबा हलले नाहीत. मग ढोल आला, विजयचा, चार आणि तीन, चार आणि तीन, आणि मी बघितलं की आबांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलली. आणि तेवढ्यात ते उठले. अंगणाच्या मधोमध गेले, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि जागच्या जागी कदमताल सुरू केला. डावा, उजवा, डावा, उजवा. पहिल्या ठोक्याला डावा पाय पडला. सात संपल्या, पुन्हा पहिला ठोका आला, तर उजवा पडला. त्यांनी थांबून परत सुरुवात केली. पुन्हा तेच. एकदा डावा, एकदा उजवा. पलटणीतले दोघं पोट धरून हसायला लागले, मामा जागे झाले, रामूआण्णा म्हणाले की आवं सुभेदार, समच न्हाई तर पाय कुठं टाकशीला. आबा हसले नाहीत. त्यांनी तीन वेळा, चार वेळा, घाम येईपर्यंत करून बघितलं, जणू त्या कॅसेटीत कुठंतरी वाट असेल आणि त्यांनाच गावत नसेल. मग थांबले. खुर्चीत येऊन बसले, दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्या, कपबशीसकट, आणि संपल्यावर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, “ह्याच्यावर पाऊल पडत न्हाई.”

मी वही पुढं केली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फौजेतल्या रजिस्टरात लिहावं तसं लिहिलं, ‘ऐकले.’ खाली सही, हुद्दा. मग सगळे मटणावर बसले. मी पण बसलो आणि दोन भाकरी खाल्ल्या, कारण न जेवणं म्हणजे दुखलंय हे दाखवणं झालं असतं. आईनं माझ्या ताटात न मागता नळी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो, खोलीतलं सामान पिशवीत भरलं, न खपलेल्या कॅसेटींचं खोकं घरी आणून टाकायला उचललं, शिरीष आणि विजयला सांगितलं की आमच्याकडं ऊस तुटायला आलाय, आणि आठवड्यानं लोणंदच्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो. नट, बोल्ट, वॉशर. तिथं सगळं चारच्या, आठच्या, बाराच्या खोक्यांत यायचं. शिरीष पुढं परदेशी गेला आणि विजय शिक्षक झाला. त्याच्या शाळेचं ढोलपथक सगळ्या तालुक्यात नावाजलेलं आहे. आमच्यात वाजवता येणारा तो एकटाच होता हे मी वर म्हटलंच आहे.

लोणंदला मी खोली केली, पुढं संसार केला, घरी यायचो ते सणाला आणि रविवारी दुपारी. आबांशी बोलणं पावसाचं, उसाचं, पाळीच्या पाण्याचं. ‘कोरडा ओढा’चा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मी तर मेलो असतो तरी काढला नसता. निवृत्त झाल्यावर गावी परत आलो. दोन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. थोडी परत आली, पण उजवा पाय ओढत टाकतात, काठीच्या आधारानं. साताऱ्याहून व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, ती रोज अर्धा तास अंगणात चालायला सांगते. ज्या माणसानं बावीस वर्षं हजार माणसं चालवली, तो आता चालायला तयार होईना. म्हणायचे, हे चालणं न्हवं, हे सरपटणं. आम्ही सगळ्यांनी विनवून बघितलं, मुक्तानं तर रडूनसुद्धा बघितलं.

पोलंडचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दाढी करत होतो. मुक्ता अंगणात आजोबांना तिच्या मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत होती आणि मग तिनं कॅसेटचा पहिला भाग लावला आणि फोन कट्ट्यावर ठेवला. तो मोटरीसारखा सूर घुमायला लागला. मला उठून बंद करावंसं वाटलं, पण अर्ध्या गालाला साबण होता. सूर संपला, ढोल आला, आणि मी आरशात बघितलं तर आबा उभे राहिलेले. काठी डाव्या हातात. डावा पाय टाकला. मग उजवा ओढत ओढत आला, चार मात्रांनी टेकला. मग डावा पटकन, तीन मात्रांनी. डावा, आणि उशिरा उजवा. डावा, आणि उशिरा उजवा. चार आणि तीन. पहिल्या ठोक्याला डावा पाय पडत होता. दर वेळी डावा.

मी वस्तरा खाली ठेवला. योगायोग असेल म्हटलं. पण पहिल्या भागात अकराव्या मिनिटाला सगळं अचानक थांबतं, नुसता पोपटरावांचा पंखा ऐकू येतो, आणि मग विजयचा ढोल एक ठोका उशिरा येतो. ती आमची चूक होती, तशीच राहिली. ती जागा यायच्या आधीच आबा थांबले. डावा पाय उचललेला, काठीवर तोललेले, वाट बघत. पंखा घुमला. आणि एक ठोका उशिरा, ढोलाबरोबर, पाय खाली आला. एकदा अंगणात ऐकलेल्या माणसाला ती जागा ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दारात आई उभी होती. मी तिच्याकडं बघितलं तशी ती पदराला हात पुसत म्हणाली, “तू लोणंदला गेलास तवापासनं रोज धारंला लावायचे. म्हशीला सवय करायची म्हणायचे. नंतर नंतर ती चंद्री त्याबिगर पान्हाच सोडंना, आणि तिच्या मागनं आलेल्या दोन म्हशीबी तसल्याच. फीत झिजली तवा दुसरी कॅसेट लावली. तुज्या खोक्यात लय हुत्या की. तू परत यायच्या आदी म्हशी इकल्या, तवा बंद पडलं.” मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू कवा इचारलंस.

मला राग आला. पस्तीस वर्षांचा राग एकदम, नट-बोल्टांच्या सगळ्या खोक्यांसकट. मी तोंडाला साबण तसाच ठेवून अंगणात उतरलो आणि बायका, पोर, सगळ्यांसमोर बापाला विचारलं की तुम्ही म्हणाला होता ह्याच्यावर पाऊल पडत नाही.

आबा चालायचे थांबले नाहीत. म्हणाले, “तवा दोन्ही पाय धड हुते.”

“मग मला लोणंदला का धाडलं?”

“मी कुटं धाडलं?” डावा पाय. उजवा. “मी म्हटलं पाऊल पडत न्हाई. जा म्हटलं का?” डावा. “मला वाटलं पोरगं भांडंल. बावीस वरसं हुकमावर गेली माजी, एकानं तर भांडावं. रातभर बसून काय काय बोलायचं ते ठरवलं हुतं मी. तू सकाळच्या गाडीनं गेलास की.”

मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभा राहिलो आणि डोळ्यांत साबण गेला असं मुक्ताला सांगितलं. आबा त्या सातांवर अंगणाला फेऱ्या घालत राहिले, ताठ, छाती काढून, मागं पलटण असल्यासारखे. बराच वेळ त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही. मग पहिला भाग संपला आणि फोन गप्प झाला. आबा अंगणाच्या मधोमध उभे राहिले, उजवा पाय टेकलेला, काठी रोवलेली, डावा पाय पुढच्या ठोक्यासाठी तयार. मुक्ताला वाटलं दमले, ती खुर्ची आणायला निघाली. त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

“उभा काय ऱ्हायलास? बाजू पलट.”

मी पुढं झालो, साबणाच्या बोटांनी फोन उचलला आणि दुसरा भाग लावला. पहिला ठोका पडला आणि त्यांचा डावा पाय पुढं आला.